मामाच्या मांडीवर

एका गावात एक भोळा नवरा होता. तसे ते गावोगावी असतात, पण बाकीचे सांगितलेलं ऐकत नाहीत म्हणून त्यांचं निभावून जातं. हा ऐकायचा. जेवढं सांगाल तेवढं, जसं सांगाल तसं. नाव मार्तंड. आळीतल्या बायका त्याच्या बायकोला, सगुणाला म्हणायच्या, नशीब काढलंस बाई, नवरा किती मदत करतो. सगुणा नुसती हसायची.

त्यांना दोन मुलं. थोरली शेवंती, तिचं तोंड अखंड चालू. धाकटा बाबू अजून रांगत होता. बाबूच्या डोक्यावर जन्मापासूनचे कुरळे केस मानेपर्यंत आले होते. हे पहिले केस, म्हणजे जावळ, मामाच्या मांडीवर बसवून काढायचं, आणि तेही वर्ष भरायच्या आत, असा त्यांच्याकडे रिवाज. शेवंतीच्या वेळी मामा तापाने पडला होता, म्हणून सासूबाईंनी जावळ सासरीच उरकून टाकलं. ते सगुणाच्या मनाला लागून राहिलं होतं. या वेळी माहेरी, भावाच्या मांडीवर, सगळ्या भावकीसमोर जावळ व्हायला हवं होतं. मागणं एवढंच होतं. मधे फक्त दोन गाड्यांचा प्रवास होता आणि मार्तंड होता.

पहिल्यांदा निघायचं ठरलं तेव्हा सगुणा बाबूला न्हाऊ घालत होती. तिने न्हाणीतूनच सांगितलं, "अहो, पोरांचं सगळं घ्या हं. काही राहू देऊ नका."

मार्तंड म्हणाला, "बरं."

त्याने पाळणा घेतला. पाळण्याच्या दोऱ्या घेतल्या. आढ्याला ठोकलेल्या कड्याही काढल्या. पांगुळगाडा घेतला. शेवंतीची भातुकली घेतली, आणि तिने अंगणात केलेली मातीची चूल फावड्याने खालून उचलून घेतली. बाबूचे लंगोट वाळत होते ते दोरीसकट घेतले, दोरी बांबूला बांधली होती म्हणून बांबूही घेतला. शेवंती ज्या शेळीला माझी म्हणायची ती शेळी घेतली. शेवंतीने भिंतीवर कोळशाने हत्ती काढला होता. तो मार्तंड बराच वेळ खरवडत होता, पण निघेना.

गाडी आली. कंडक्टर खाली उतरला, एकदा सामानाभोवती फिरून आला आणि त्याने विचारलं की घर मागून येतंय का.

"नाही," मार्तंड म्हणाला. "घर आईच्या नावावर आहे. पोरांचं नाही."

कंडक्टरने घंटी मारली. गाडी गेली. शेळी मात्र बराच वेळ गाडीच्या दिशेने बघत होती.

घरी परतल्यावर सगुणाने त्याला शांतपणे समजावलं. मुलांना लागतील तेवढेच कपडे घ्यायचे. त्यांच्या घट्ट वळकट्या करायच्या, पिशवीत कोंबायच्या आणि वर बसून दाबायचं. दाबलं की सगळं मावतं.

मार्तंड म्हणाला, "बरं."

पुढच्या खेपेला त्याने कपड्यांच्या अशा वळकट्या केल्या की सासूबाईसुद्धा बघायला आल्या. मग त्याने चटईवरचं बाकीचं सामान पाहिलं. भावासाठी केलेले बेसनाचे लाडू होते. दह्याचं गाडगं होतं. पिकल्या केळ्यांचा फणा होता. त्याने गाडगं झबल्यात गुंडाळलं, लाडू शेवंतीच्या परकरात, केळी दुपट्यात. सगळं पिशवीत कोंबलं आणि वर बसला. आतून आवाज आला. काहीतरी मावलं, असं त्याला वाटलं. म्हणून तो आणखी थोडा वेळ बसला.

थांब्यावर पोचेपर्यंत पिशवीतून धार लागली होती आणि मागून आळीतली दोन कुत्री येत होती. सगुणाने पिशवी उघडली आणि लगेच बंद केली. माहेरी जायचं तर मुलांच्या अंगावर धड झबलं हवं. ती आल्या पावली परत फिरली. त्या दिवशी ती विहिरीवर बाकीचे कपडे धूत होती आणि मार्तंड घरात लाडवाचा परकर चाखून बघत होता. चव बिघडली नव्हती.

रात्री जेवताना सगुणा म्हणाली की ओलं आणि कोरडं कधी एकत्र ठेवायचं नसतं. ओलं दिसलं की लगेच वेगळं काढायचं आणि कोरड्यापासून लांब ठेवायचं.

मार्तंड म्हणाला, "बरं."

तिसऱ्या खेपेला सगुणाने ना दही घेतलं, ना केळी. ते गाडीत बसलेसुद्धा. शेवंतीला गाडी लागली, म्हणून सगुणा तिचं डोकं धरून खिडकीशी बसली. बाबू मार्तंडच्या मांडीवर. थोड्या वेळाने बाबूने जे करायचं ते केलं. मार्तंडने पाहिलं. पिशव्या कोरड्या होत्या. शेजारचे मास्तर कोरडे होते. आणि हा एकटा ओला. मार्तंड लगेच उठला. मागच्या बाकावर एक कोळीण ताज्या मासळीची टोपली घेऊन बसली होती, टोपलीतून पाणी ठिबकत होतं. ओल्याशेजारी ओलं बरं, असा विचार करून त्याने बाबूला तिच्याकडे दिलं आणि तो जागेवर येऊन बसला. मास्तरांनी त्याचे आभार मानले.

गाडी बदलायचा फाटा आला. मार्तंडने एक एक पिशवी नीट उतरवली, हात लावून बघितली. सगळ्या कोरड्या. गाडी निघून गेली. शेवंतीचं तोंड पुसून झाल्यावर सगुणाने मागे पाहिलं.

"अहो, बाबू कुठाय?"

"ओल्यात," मार्तंड म्हणाला.

सगुणाने त्या वेळी काय केलं ते सांगण्यासारखं नाही. चिऱ्यांचा एक ट्रक चालला होता, त्याच्या पुढे ती आडवी उभी राहिली एवढं खरं. बाबू पुढच्या गावच्या बाजारात सापडला. कोळिणीच्या मांडीवर बसून तो गिऱ्हाइकांकडे बघून हसत होता आणि तिचा माल निम्म्या वेळेत खपला होता. पुन्हा या, असं तिने मार्तंडला मनापासून सांगितलं. दिवस संपत आला होता आणि पोराला बोंबलाचा वास येत होता. असं पोर घेऊन भावाच्या दारात उभं राहणं सगुणाला पटेना. ते घरी परतले.

आता वर्ष भरत आलं होतं. सासूबाई येता-जाता बाबूच्या केसांवरून हात फिरवून म्हणू लागल्या की आपला गावचा न्हावीही काही वाईट नाही. सगुणाच्या भावाचा, जनार्दनचा निरोप आला की येत्या सोमवारी भावकीला जेवण सांगितलंय, न्हावी ठरवलाय, आता तरी या.

सगुणाने या वेळी मार्तंडला कशालाच हात लावू दिला नाही. पिशव्या तिनेच भरल्या. दुपटी वर, कपडे खाली, खाऊ डब्यात, डबा वेगळ्या पिशवीत. मार्तंड उंबऱ्यावर बसून बघत होता. त्याचा चेहरा इतका उतरला की तिला राहवेना. तिने त्याला एकच काम सांगितलं. ओटीला नारळ लागतील, तेवढे आणा. मार्तंडने माडाखालून नारळ आणले, जसे पडले होते तसे, वरच्या जाड सालीसकट, सोडणासकट. पिशवीत दोन गेले आणि पिशवी भरली.

सगुणा खालच्या आवाजात म्हणाली, "तिथे गेल्यावर हे सोडण काढून टाकायचंच ना?"

"हो."

"मग इथून तिथवर वाहून कशाला न्यायचं? तिथे काढून टाकायचं ते इथेच काढून टाकावं. ओझं हलकं होतं."

मार्तंड थोडा वेळ विचार करत बसला. त्याला ते फारच पटलं.

"बरं," तो म्हणाला.

त्याने नारळ सोलले. वाटेत खायची केळीही सोलली. ती सगुणाला वेळेत दिसली, तिने तिथल्या तिथे मुलांना भरवली. एवढ्यावरच भागलं म्हणून तिने देवाचे आभार मानले. देवानेही ते घाईघाईने घेतले असावेत.

सोमवारी पहाटे सगुणा चुलीशी होती. मार्तंडने सांगितलं की तो दाढी करून येतो, बाबूलाही घेऊन जातो, म्हणजे तिचे हात मोकळे राहतील. सगुणाला भरून आलं. तो परतला तेव्हा बाबू खांद्यावर झोपला होता, कुंची कपाळापर्यंत ओढलेली, हनुवटीखाली घट्ट गाठ.

"कुंची काढू नकोस," मार्तंड हळूच म्हणाला. "वारा आहे."

आजवर त्याला आपण होऊन वाऱ्याची आठवण कधी झाली नव्हती. सगुणा बघतच राहिली.

प्रवास इतका सुरळीत झाला की तिला करमेना. खिडकी मिळाली. शेवंतीला गाडी लागली नाही. फाट्यावर दोन्ही मुलं आधी उतरली, मग पिशव्या. दुसरी गाडी उभीच होती. आपण नवऱ्याला उगीच टाकून बोलतो, असं सगुणाच्या मनात येऊन गेलं. बायका इथेच फसतात.

माहेरी अंगणात रांगोळी काढलेली. पाट मांडलेला. पाटावर जनार्दन नवं धोतर नेसून मांडी घालून बसला होता, समोर न्हावी वस्तरा पाजळून तयार. पडतील ते केस झेलायला सगुणाची आत्या ताट धरून उभी. मागे सगळी भावकी, आणि त्याच्याही मागे वाफाळणारी आमटी. सगुणाने बाबूला भावाच्या मांडीवर ठेवलं. तिचे डोळे भरून आले होते, म्हणून कुंचीची गाठ लवकर सुटेना. मग सुटली.

आत बाबूचं डोकं उपड्या घासलेल्या तांब्यासारखं चकाकत होतं.

न्हाव्याने एकदा डोक्याकडे पाहिलं, एकदा हातातल्या वस्तऱ्याकडे. आत्याने रिकामं ताट आपल्या बाजूला थोडं झुकवून बघितलं.

"भावोजी," जनार्दन शेवटी म्हणाला, "जावळ कुठाय?"

"घरी," मार्तंड म्हणाला. "इथे काढून टाकायचंच होतं ना. मग तिथून इथवर वाहून कशाला आणायचं?" आणि त्याने सगुणाकडे पाहिलं, कौतुकाच्या अपेक्षेने.

कुजबुज सुरू झाली. आत्या म्हणाली की ते काही नाही, न्हावी बोलावला, मांडी मांडली, ताट धरलं, आता मामाने रिकाम्या मांडीने उठणं बरं नव्हे. सगुणाच्या घरचं कुणाचं तरी डोकं व्हायला हवं. सगळ्यांनी शेवंतीकडे पाहिलं. शेवंती एव्हाना पेरूच्या झाडावर होती.

सगुणाने बाबूला उचलून कडेवर घेतलं. डोळे पुसले. मग ती इतक्या गोड आवाजात बोलली, की तो आवाज सासरी कुणी कधी ऐकला नव्हता.

"अहो, दादाच्या मांडीवर बसा."

"बरं," मार्तंड म्हणाला, आणि बसला.

आत्याने ताट धरलं. बायकांनी ओवाळलं. जनार्दनचे पाय बधिर झाले, पण तो हलला नाही, बहिणीच्या घरचं कार्य होतं. न्हाव्याने जीव ओतून काम केलं. मिशी तेवढी ठेवली, मार्तंडची आई अजून आहे हे ध्यानात घेऊन. शेवटचा केस ताटात पडला. मार्तंडने डोक्यावरून सावकाश हात फिरवला, आणि बायकोकडे वळून जरा नाराजीनेच म्हणाला,

"हे आधी सांगायचंस ना. मीही घरूनच काढून आलो असतो."