बेचाळीस लाल चौकटी

एक गृहस्थ एका वृद्ध गुरूंकडे घरगुती सिनेमाची काटछाट शिकायला जात असे. ही हकिकत अक्षरशः खरी आहे, शपथेवर सांगतो. कारण ज्याच्याकडून ती ऐकली तो मनुष्य आयुष्यात कधी खोटं बोललेला नाही. फक्त माशांचा विषय निघाला की बोलतो. आणि त्या दिवशी विषय माशांचाच चालला होता. असो.

हे गुरू म्हणजे लग्नांच्या चित्रीकरणात चाळीस वर्षं घालवलेले सत्पुरुष. एका लग्नात त्यांचा कॅमेरा जिलबीच्या कढईत पडला, तरी चित्रीकरण थांबलं नाही, असं म्हणतात. शिष्य पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला. त्याने आयुष्यातला पहिलाच सिनेमा रचला होता आणि त्याची नायिका होती त्याची पत्नी, कुमुदिनीबाई.

बाई एकोणसाठाव्या वर्षी पोहायला शिकल्या होत्या. गावच्या विहिरीत, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. अकरा दिवस रोज सकाळी शिष्य काठावर कॅमेरा धरून उभा राहिला. अकराव्या सकाळी बाईंनी डबा सोडला आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत पोहून गेल्या. त्यांचे थोरले बंधू दादासाहेब सगळ्या नातेवाइकांदेखत म्हणाले होते, "या वयात तू पोहलीस, तर ही मिशी उतरवीन." ते रविवारी येणार होते. विहीर वैशाखात तळाला गेलेली, त्यामुळे पुन्हा पोहून दाखवायची सोय नव्हती. बाईंचा सगळा मान आता त्या नऊ मिनिटांच्या सिनेमात होता.

गुरुवारी सकाळी नवराबायको गुरूंच्या दारात उभे राहिले.

"गुरुजी, लॅपटॉप अगदी गच्च भरलाय," शिष्य म्हणाला. "कच्चं चित्रण आज पुसून टाकतो. काळजी नाही. सिनेमाच्या तीन प्रती ठेवल्यात. दोन पेन ड्राइव्हवर, आणि एक मी मलाच ईमेल केलीय."

"अकरा सकाळी एका ईमेलमध्ये मावल्या?"

"मावल्या की! केवढीशी तर फाइल आहे."

गुरू उठले. शिष्याचा लॅपटॉप उचलून त्यांनी लोखंडी कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली कनवटीला खोचली.

"अहो गुरुजी, हे काय? रविवारी—"

"तुमचा लॅपटॉप विहिरीत पडला."

"विहिरीत पाणी कुठाय?" बाई म्हणाल्या.

"मग आणखीच जोरात आपटला," गुरू शांतपणे म्हणाले. "आता माझ्या कॉम्प्युटरवर सिनेमा दाखवा."

शिष्याने ऐटीत पेन ड्राइव्ह लावला. पडद्यावर शीर्षक झळकलं: 'कुमुदिनीची झेप'. मग एक लाल चौकट आली, तिच्यावर लिहिलेलं, फाइल सापडत नाही. मग दुसरी. मग तिसरी. सिनेमात बेचाळीस तुकडे होते. पडद्यावर बेचाळीस लाल चौकटी आल्या.

"अहो, यात मी कुठाय?"

"तू..." शिष्याने पडद्यावर बोट टेकवलं. "ही काय, या तिसऱ्या चौकटीत."

"बरीच बारीक झालेय."

दुसऱ्या पेन ड्राइव्हवर तेच, ईमेलमध्येही तेच. पूर्ण झालेला सिनेमा एका सलग फाइलीत वेगळा काढून ठेवावा, तर तेही झालं नव्हतं. कारण शीर्षकाचा रंग शिष्य रोज बदलत बसला होता. आज आपण काय पुसणार होतो, हे ध्यानात येताच त्याने कपाटाचं कुलूप नीट लागलंय ना, हे ओढून पाहिलं.

तेव्हा गुरू म्हणाले, "बाळ, तू जपलंस ते फक्त टिपण. कोणता तुकडा कुठून कापायचा आणि कशापुढे जोडायचा, एवढंच त्या फाइलीत असतं. तुकडे स्वतः लॅपटॉपमध्येच राहतात. तू गावाचा नकाशा तीनदा छापून घेतलास आणि गाव पाडायला निघालास. प्रत केली म्हणजे जपलं, असं नव्हे. ती परक्या जागी उघडून पाहिली, की मग जपलं म्हणावं."

कपाट उघडलं. चित्रण, संगीत, शीर्षक, टिपण, सगळं एका फोल्डरमध्ये गोळा झालं आणि दोन डिस्कवर उतरलं. एक गुरूंकडे राहिली, एक शिष्याकडे. उतरायला तीन तास लागले, तेवढ्यात तिघांनी मिळून चौदा आंबे संपवले. मग लॅपटॉप पुन्हा कपाटात गेला आणि दोन्ही डिस्कवरून सिनेमा आळीपाळीने चालवून पाहण्यात आला.

"पण गुरुजी, हिच्या गटांगळ्या कशाला सांभाळायच्या? त्या तर मी कापल्यात."

"कापलेलं उद्या कोण मागेल, हे कापणाऱ्याला कसं कळावं?"

रविवारी दादासाहेबांनी सिनेमा पाहिला, मिशीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "जोडकाम आहे. इथे डबा दिसतो, इथे नाही. मधलं काय झालं?"

शिष्याने शांतपणे डिस्क जोडली आणि अकराव्या सकाळचं चित्रण लावलं. चौदा मिनिटं, एकही काप नाही. बाई डबा सोडतात. बुडतात, वर येतात, पाणी थुंकतात. "अहो, शूटिंग काय करताय, माझ्याकडे बघा!" म्हणून नवऱ्यावर खेकसतात. मग हात मारत मारत पलीकडची कडा धरतात आणि धापा टाकत ओरडतात, "दादाला सांगा, वस्तरा काढ म्हणावं!"

दादासाहेबांनी मिशीला एक शेवटचा पीळ दिला. मग म्हणाले, "कुमे, आरसा दे." घर हसून दणाणलं, आणि त्या गलक्यात शिष्य डिस्क दोन्ही हातांत धरून बसून राहिला. आपण ज्याला कचरा म्हणत होतो तोच आज साक्षीला उभा राहिला, हे त्याला उमगलं होतं. वाचकहो, आपापली प्रतही एकदा शेजाऱ्याच्या घरी उघडून पाहा.

आता कबुली. मिशी खरोखर गेली. रचलेले आहेत ते गुरू. लॅपटॉप कपाटात कोंडून किल्ली कनवटीला खोचली ती खुद्द कुमुदिनीबाईंनी. पण बायकोने सांगितलेलं शहाणपण नवऱ्यांच्या कानात शिरत नाही, म्हणून बाईंना मी पांढरी दाढी लावली.