तुळाजीरावांचा सैल तंग

तुळाजीराव ढमाले काळखिंडीच्या लढाईत होते की नव्हते, हे उद्या दुपारपर्यंत सिद्ध करायचं होतं. तेही साक्षीदाराशिवाय, कागदाशिवाय आणि खुद्द तुळाजीरावांना एकही प्रश्न न विचारता! महाराजांचा तसा हुकूमच होता.

झालं होतं असं. त्या नगरात कोतवाल नेमताना पेठांचा कौल घेत. यंदा तुळाजीराव उभे होते आणि चौकाचौकांत काळखिंड सांगत सुटले होते. बारा वर्षं म्हणे घोडदळात काढली. सोमवारी त्यांनी तीन शत्रू कापले होते, शनिवारपर्यंत त्यांचे सत्तर झाले. लोक खूश, महाराज त्याहून खूश. तेवढ्यात पागेतला लंगडा मोतद्दार गुणाजी घोड्याला खरारा करता करता बोलून गेला, "काळखिंडीत माझा पाय गेला. हे काय तिथं दिसले न्हाईत बुवा."

झालं! बात दरबारात पोचली. तुळाजीरावांनी डोळे पुसले. "हजेरीची बाडं जळाली, साथीदार वारले. आता माझ्या बाजूनं कोण बोलणार?" महाराज हट्टाला पेटले. अशा वीराची उलटतपासणी म्हणजे त्याचा अपमान. गुणाजीनं आपलं म्हणणं सिद्ध करावं, नाही तर पागा सोडावी.

सारा जन्म घोड्यांत गेलेला गुणाजी जाणार कुठं? तो आपलं बोचकं बांधू लागला. त्याची लेक हौसा मात्र हसत होती.

"आबा, इचारायचं न्हाई हे बरंच झालं. तोंडानं ते कुणालाबी हरवतील."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं राजवाड्यापुढं दोन घोडे खोगीर घालून उभे केले. एक तुळाजीरावांसाठी, एक महाराजांसाठी. खाली मात्र गवताच्या पेंढ्या पसरल्या होत्या.

"वीराची मिरवणूक, महाराज," ती म्हणाली.

तुळाजीराव फुलून गेले. शेला सावरत त्यांनी रिकिबीत पाय घातला, अंग उचललं, आणि खोगीर गर्रकन घोड्याच्या पोटाखाली गेलं. पाठोपाठ तुळाजीरावही गेले. गवतातून नुसता फेटा दिसत होता.

"दगा! हिनं खोगिराचा तंग सैल ठेवला!"

"ठेवला की," हौसा म्हणाली.

महाराज संतापले. "पोरी, हा कसला पुरावा? असा तर कुणीही पडेल. मीसुद्धा पडेन!"

"मग बसून दावा, महाराज. तुमचाबी तंग सैलच हाय."

महाराज तरातरा घोड्यापाशी गेले. ऐन जवानीची दहा वर्षं त्यांनी मोहिमांवर काढली होती. पाय रिकिबीकडे जाण्याआधीच त्यांचा हात आपोआप घोड्याच्या पोटाखाली गेला, तंगाचा पट्टा चाचपला, खसकन आवळला... आणि तिथंच थांबला.

महाराज आपल्याच हाताकडे बघत राहिले. मग असे हसले, असे हसले, की घोडाच बिचकला.

"बारा वर्षं घोडदळात, आणि तंग न बघता चढतो?" ते गवताकडे वळले. "ढमाले, गोष्टी झकास आहेत तुमच्या. आता रोज पागेत येऊन घोड्यांना सांगत जा. गुणाजी, पागेचा दारोगा आजपासून तू! आणि पोरी, हा माझा घोडा तुला बक्षीस. बस त्याच्यावर."

हौसा पुढं झाली. आधी वाकली आणि तिनं तंग चाचपला.

"अगं, आत्ताच मी स्वतः आवळलाय तो!"

"म्हणून तर बघते, महाराज. तुम्ही लढाईवर जाऊन लई वर्सं झाली."