एक थेंब आणि गोंधळलेली चिप

यंत्रं आपापसांत बोलायची, त्या काळातली ही गोष्ट. डोंगरातल्या एका दवाखान्यात रक्त गरगर फिरवून लाल पेशी आणि पिवळसर पाणी वेगळं करणारं मोठं यंत्र होतं. एके दिवशी तिथे डबाभर बहिणींसोबत नखाएवढी काचेची चिप आली.

"तू किती वेगाने फिरतेस?" यंत्राने विचारलं.

"मी फिरतच नाही. माझ्या अंगात नुसत्या केसासारख्या बारीक वाटा आहेत."

"मग इथे कशाला आलीस?"

चिपलाही ते कळेना.

तेवढ्यात सगुणा चार दिवसांच्या बाळाला घेऊन आली. बाळ पिवळं पडलं होतं. रक्त तपासणाऱ्या कुमुदताईंनी त्याच्या टाचेला टोचलं, पण थेंबभरच रक्त आलं.

"एवढंसं मी फिरवणार कसं?" यंत्र पुटपुटलं.

कुमुदताईंनी तो थेंब चिपवर सोडला. लाल पेशी अरुंद वाटांच्या तोंडाशीच अडकल्या.

"अगं बाई, मी तुंबले! सगळं बिघडवलं!" चिप घाबरली. पिवळसर पाणी मात्र हळूच पुढे झिरपलं. कुमुदताईंनी तेच तपासलं.

"कावीळ वाढलीय. लगेच निळ्या दिव्याखाली ठेवू, बरं होईल बाळ," त्या म्हणाल्या. सगुणाने डोळे पुसले.

"पण मी तर जागची हललेसुद्धा नाही," चिप म्हणाली. "मग केलं काय मी?"

यंत्राने बराच विचार केला.

"मलाही कळलं नाही," ते म्हणालं. "पण डब्यातल्या तुझ्या बहिणींना सांग, अशाच पडून राहा."