क्यूचे शंभर शब्द

चिटगोपकर साहेबांना हुकूम काढायची भारी हौस. टाइप केलेल्या कागदावर कुणी पेनाने एक अक्षर जरी घातलं, तरी त्याच्या शेजारी साहेबांची सही हवीच, हा त्यांचा ताजा हुकूम.

त्यातच टायपिस्ट इंदुमती गोडांबे यांच्या मशीनची ‘क्यू’ची कळ तुटली. बाईंनी दुरुस्तीचा अर्ज पुढे केला, तर साहेब खेकसले, “क्यूचे इंग्रजी शब्द असतात तरी किती? याच मशीनवर शंभर टाइप करून उद्या आणा. नाहीतर टायपिंग विसरा आणि तळघरात जुन्या फायली लावत बसा!”

बाईंना तळघर नको होतं. त्या घरी डिक्शनरी घेऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी शंभर शब्दांची यादी साहेबांच्या टेबलावर होती. प्रत्येक शब्दातला क्यू तेवढा पेनाने भरलेला.

“हे काय?”

“मशीनमध्ये क्यू नाही ना, साहेब. आता आपल्या हुकुमाप्रमाणे शंभर ठिकाणी सही करायची.”

साहेबांनी तोऱ्यात पेन उघडलं. सतराव्या सहीला बोटं आखडली. त्यांनी यादी बाजूला सारली आणि दुरुस्तीच्या अर्जावर सही ठोकली.

बाईंचा जीव भांड्यात पडला. अर्ज उचलत त्या म्हणाल्या, “मी तरी कालपासून एवढी एकच सही मागत होते, साहेब.”