साळूची रासबेरी

ऐका, लहानथोरांनो. फार फार वर्षांपूर्वीची, पाखरं माणसांशी बोलत तेव्हाची ही गोष्ट.

डोंगरमाथ्यावर थंड हवेचं एक गाव होतं. तिथे घरोघरी परसात रासबेरीची जाळी असे. मुलगी सासरी निघाली की आई त्या जाळीतला एक फुटवा मुळासकट काढून तिच्या ओटीत घाली. मुलीने तो सासरच्या परसात लावायचा आणि पहिली फळं माहेरी पोचवायची. फळं आली म्हणजे लेक सासरी रुजली, असं समजून आया निर्धास्त होत.

साळूलाही तिच्या आईने असाच फुटवा दिला. साळू मोठी टापटिपीची. अंगणात वाळलं पान दिसलं तरी तिच्या डोक्यात तिडीक जायची. तिने फुटवा लावला, शेणखत घातलं, पाणी घातलं. पावसाळ्यात लांबच लांब काटेरी फोक वर आले, पण फळाचा पत्ता नाही. "नुसते माजलेत मेले!" म्हणत तिने कोयता घेतला आणि सगळे फोक जमिनीलगत कापून टाकले. माहेरी आई दरवर्षी छाटणी करायची, एवढं तिने पाहिलं होतं. आई नेमकं काय कापते आणि काय राखते, हे बघायला मात्र ती कधी थांबली नव्हती.

पुढच्या वर्षी मुळातून नवे फोक फुटले. पुन्हा फळ नाही, पुन्हा कोयता. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. सासू हसून म्हणाली, "सूनबाई, झाड वाढवतेयस की पोराचं जावळ काढतेयस?"

साळूला हसू येईना. माहेरच्या वाटेने येणारा प्रत्येक जण आईचा एकच निरोप आणी, "फळं धरली का गं?" आई आता अंथरुणाला खिळली होती. लेकीचं सासरी बरं चाललेलं नाही, ही काळजी तिला आतून पोखरत होती. आणि इकडे साळूचा जीव तुटत होता.

त्या वर्षी तिने पुन्हा कोयता उचलला, तेव्हा कुंपणावरचा बुलबुल ओरडला, "थांब बाई! माझ्या पोटावर किती वर्षं पाय देणार आहेस?"

"फळ न देणारं ठेवून करू काय?" साळू तणतणली.

"अगं, रासबेरीचा फोक पहिलं वर्ष नुसता वाढतो. दुसऱ्या वर्षी फळतो आणि मग वाळतो. तुझी आई फळून वाळलेले कापायची. तू फळायला निघालेले कापतेस."

साळूने कोयता खाली ठेवला.

पुढच्या उन्हाळ्यात जाळी लाल फळांनी लगडली. साळूने टोपलीत पानं अंथरून फळं भरली आणि डोंगर चढून माहेर गाठलं. एक फळ तिने आपल्या हाताने आईच्या तोंडात घातलं.

"गोड आहे ना गं, आई?"

आईने तिच्या गालावरून हात फिरवला. "गोडच असणार, बाळ. गेल्या थंडीपासून माझ्या जिभेला चवच लागत नाही बघ. पण तू रुजलीस, आता माझी काळजी मिटली."

साळू आईच्या कुशीत तोंड खुपसून रडली. आपल्याच हाताने कापलेली ती वर्षं आता कुठून आणणार होती?

तात्पर्य: ज्याने अजून फळ दिलं नाही त्याला वांझ समजून कापू नये, ते फळाच्या तयारीत असू शकतं.