करवंदाची जिन आणि पिकदाणी

"मग कमी काय आहे, तेवढं तरी सांगा ना, मामा."

पास्कूमामांनी घोट तोंडात घोळवला, पायाशी ठेवलेल्या पितळी पिकदाणीत थुंकला आणि पेला परत केला.

"अजून नाय."

महिनाभर श्रीनंद हेच दोन शब्द ऐकत होता. घाटाखालच्या त्या जिनच्या भट्टीत चव पास्कूमामा ठरवत. त्यांनी मान हलवल्याशिवाय एक बाटली बाहेर जात नसे. श्रीनंद नाशिकच्या द्राक्षांच्या धंद्यातून आलेला, नाकाचा तेज, आणि त्याच नाकानं कांदे सोलण्यातही मागं नसलेला. करवंदाची जिन मी करून दाखवतो, असं मालकांपुढं छाती काढून तोच बोलला होता. आता जाळीतली करवंदं संपत आली होती आणि ती छातीही आत गेली होती. आज होकार मिळाला नाही तर बोचकं बांधायचं, पुन्हा या धंद्याकडं फिरकायचं नाही, हे त्यानं सकाळीच ठरवून टाकलं होतं.

पहिल्या दिवशी मामांनी त्याला एकच गोष्ट शिकवली होती.

"चाखूचा आणि थुकूचा. गिळणाऱ्याचा हंय काम नाय."

तेवढं त्यानं इमानानं पाळलं. रिवाज असा, की आधी शिष्यानं चाखायचं, मग गुरूनं. त्यानं दालचिनी घातली, चाखली, थुंकली. लिंबाची साल घातली, चाखली, थुंकली. मिरी, वेलची, वर पुन्हा करवंद... टेबलावर बरण्यांची रांग लागली आणि जिभेचं कातडं झालं.

अजून नाही म्हणजे अजून किती?

तो आतल्या खोलीत गेला आणि तिथं त्याला कुबुद्धी सुचली. थकलेल्या माणसाला ती लवकर सुचते. त्यानं कोरं स्पिरिट घेतलं. ना फळ, ना जिनला वास देणारा जुनिपरचा दाणा, ना कसला वास. त्यात पाणी घातलं, रंगापुरते बिटाच्या रसाचे थेंब सोडले आणि पेला बाहेर आणला.

"हा शेवटचा, मामा."

रिवाजाप्रमाणं आधी तो स्वतः चाखून थुंकला. मग मामांनी घोट घेतला. घोळवला. त्याच्याकडं बघत राहिले... थुंकले.

"अजून नाय."

"यात करवंदच नाही, मामा! नुसतं स्पिरिट आहे, पाणी घातलेलं!"

चोर पकडल्यासारखा ओरडला खरा, पण आवाज रडवेलाच निघाला.

मामांनी पेला टेबलावर ठेवला.

"तुम्हाला कळलं नाही?"

"नाय."

"वाससुद्धा?"

"नाक गेला माजा. दोन वर्सां झाली, तापात." मामांनी डोळे चोळले. "मालकाक म्हायत आसा."

श्रीनंद मटकन स्टुलावर बसला. ज्यांच्या होकारासाठी त्यानं महिनाभर जीभ जाळली, त्यांना करवंद आणि कांदा सारखाच होता. राग यायला हवा होता. पण रागालाही अंगात जोर लागतो, आणि तो त्याच्यात उरला नव्हता.

"मग इतके दिवस तुम्ही चाखत काय होता?"

"मी खंय चाखत होतंय? तू चाखत होतस. मी तुज्या तोंडाकडे बघत होतंय."

"काय दिसलं तोंडात?"

"थुकूची घाई."

...

बाहेर कामगार घरी निघाले होते. या दोघांपैकी कुणी उठेना.

श्रीनंदनं हाताला लागली ती बरणी ओढली. रांगेच्या अगदी कडेची, धूळ बसलेली. नुसत्या करवंदांची, सगळ्यांत आधी केलेली. इतकी साधी मामांना काय दाखवायची, म्हणून त्यानंच मागं सारलेली. आता कुणाला दाखवायचं नव्हतं आणि कुणाला विचारायचंही नव्हतं. त्यानं पेल्यात थोडी ओतली, वर पाणी घातलं.

घोट घेतला.

पहिल्या दिवशी ती करवंदं त्यानं स्वतः तोडली होती. काट्यांनी हात ओरबाडले होते, चिकानं बोटं चिकटली होती आणि निम्मी करवंदं तिथंच जाळीपाशी उभ्यानं खाऊन टाकली होती. किती दिवसांत ते आठवलंच नव्हतं.

दुसरा घोट घेतला...

पेला रिकामा झाल्यावर त्याची नजर पायाशी गेली. पिकदाणी तशीच होती. तो दचकून उभा राहिला.

"मामा, चुकलं... मी गिळलं."

मामा गुडघ्यांवर हात टेकून हळूच उठले. पायानं पिकदाणी टेबलाखाली सारली आणि बरणी त्याच्यापुढं सरकवली.

"हिच्यात आता काय घालू नको. झाकण लाव."