कोंडाआत्याचं एक रोप

धाकटी तीन वर्षांची झाली तरी बोलेना, तेव्हा मी कोंडाआत्याला नवस बोलले होते. हिच्या तोंडून एक शब्द फुटू दे, तुझ्या बांधावर वरणभाताचा नैवेद्य आणीन. ही कोंडाआत्या कोण, ते ऐका.

फार वर्षांपूर्वी आमच्या धामणवाडीत तुरीला मर लागायची. शेंगा धरलेलं शेत उभ्या उभ्या वाळायचं, आणि वारा नसतानाही त्या शेंगा खुळखुळायच्या, असं म्हणतात. वरण उरलं होतं ते फक्त बाळंतिणीच्या ताटात.

मग शहरातल्या संशोधन केंद्रातून एक साहेब बियाण्याची पिशवी घेऊन आले. म्हणाले, "या बियांवर डोळ्यांना न दिसणारे किरण सोडलेत. किरण आत राहत नाहीत, पण बीची घडण बदलून जातात. पुष्कळ रोपं बिघडतील. एखादं या मर रोगाला पुरून उरेल."

पिशवीला कुणी हात लावीना. गावकडेला एकटी राहणाऱ्या विधवा कोंडाआत्यानं ती पदरात घेतली.

"आत्या, भुतं पेरता व्हय?" शेजारच्या शेतातल्या धोंडबानं विचारलं.

"तुझी तूर उभी राहत न्हाई, धोंडबा. भुतं तरी राहतील."

पहिलं पीक रोगट निघालं. आत्यानं एकेका झाडाचं बी वेगळ्या चिंधीत बांधलं आणि पुढच्या साली वेगळ्या ओळीत पेरलं. मग जे उगवलं, ते पाहून लोकांनी तो बांध सोडला. काही रोपं धुतल्या धडप्यासारखी पांढरी आली आणि बघता बघता विरून गेली. काहींची पानं हात जोडल्यासारखी मिटलेली. गुरं त्या शेतात तोंड घालीनात.

आमच्याकडे रीत अशी, की खुरपताना वेगळं रोप दिसलं की उपटायचं आणि शिवेबाहेर टाकायचं. गावात पुन्हा मर दिसली तशी ती याच रोपांनी आणली म्हणत सगळे खुरपी घेऊन आत्याच्या शेतात शिरले. आत्या एवढंच म्हणत होती, "राहू दे." कुणी ऐकेना. शेवटी एका बुटक्या रोपावर पदर पसरून ती बसली. पदराला हात कोण घालणार? धोंडबा माघारी वळला.

त्या साली सारं शिवार वाळलं. काळ्या काड्यांच्या मधोमध ते एकच रोप हिरवं होतं.

त्याचं बी वाढवायला आत्याची पुढची वर्षं गेली. त्या तुरीचं पहिलं वरण तिनं चावडीवर सगळ्यांदेखत स्वतः खाल्लं, मग बियाणं वाटलं, पहिली ओंजळ धोंडबाला. दुसऱ्या दिवशी घर उघडं होतं, आत्या नव्हती. शेतात त्या बुटक्या रोपाच्या जागी गवत दबलेलं होतं, कुणी बसून उठावं तसं. ते अजून तसंच दबलेलं असतं, असं म्हणतात.

तेव्हापासून धामणवाडीत प्रत्येक शेतात एक वेगळं रोप राखतात. त्याला चिंधी बांधतात, त्याचं बी निराळं पेरतात. बहुतेक वाया जातं. सगळं नाही.

मी नवस बोलले त्या श्रावणात खुरपत होते. एका वाकड्या रोपाला हात घातला, तोच पाठीमागून आवाज आला, "राहू दे." वळून पाहिलं तर बांधावर धाकटी एकटीच बसली होती.

हा शब्द घरात तिला कुणी शिकवला नव्हता. नैवेद्य तिच्याच हातून ठेवला.

तुम्हीही खुरपायला बसाल, तेव्हा एवढं करा. एक राहू द्या.